फाल्गुन-चैत्रातली नदीकाठची रानफुलं : इंदूरहून चोरल आणि नर्मदा

रेवातीर

होळीच्या सुमारास इंदुरातून खंडवा रोडला लागलं की सिमरोलच्या पुढे दोन्ही हातांना पळस पेटलेला दिसतो. गाड्या थांबतात, फोटो निघतात, मंडळी पुढे जातात. पळस देखणा आहेच. पण त्याच पळसाखालून शंभर-दीडशे पावलं उतरून नदीच्या पात्रात गेलं, तर फाल्गुनात पायाखाली सहज पंधरा-वीस जातींची फुलं भेटतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. हा धागा त्यांच्यासाठी आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी, माझं चुकलं तर दुरुस्त करावं.

पहिली गोष्ट, नदीकाठची फुलं वाटेल तिथे उगवत नाहीत, ती पट्ट्यापट्ट्यांनी येतात. पावसाळा संपल्यावर पाणी हळूहळू खाली जातं. दर आठवड्याला ओल्या गाळाची एक नवी पट्टी उघडी पडते आणि गाळातलं बी तिथे रुजतं. म्हणजे पाण्याला लागून सगळ्यात कोवळी रोपं, आणि काठाकडे वर सरकावं तशी जुनी, कणखर, काटेरी. म्हणून नुसतं काठाकाठाने चालू नका. आधी दरडीपासून पाण्यापर्यंत आडवं उतरा, हे पट्टे नजरेत बसवा आणि मग ज्या पट्टीत फुलं जास्त तिथून नदीला समांतर चाला. तासाला एक किलोमीटर हा वेग पुरे. तीन किलोमीटर करायचेत म्हणून भराभर चाललात तर फक्त झाडं दिसतील.

पाण्याकडून वर येताना साधारण असा क्रम लागतो.

पाण्याला टेकलेला चिखल, रुंदी एक-दोन मीटर. इथे नीरब्राह्मी, जलपिंपळी, माका आणि माशीपत्री. चारही जमिनीलगतच्या, फुलं नखाएवढी किंवा त्याहून लहान. उभं राहून दिसणारच नाहीत, गुडघ्यावर बसावं लागतं. त्यासाठी जुन्या पोत्याचा किंवा फोमचा हातभर तुकडा सोबत ठेवा, गुडघे भिजत नाहीत आणि माणूस निवांत बसतो. माशीपत्रीला पाकळ्याच नसतात, पिवळी गोल बटणं असतात. माक्याचं पान चुरगाळलं की थोड्या वेळात रस काळा पडतो, ही त्याची पक्की खूण.

त्याच्यावर ओलसर वाळू-गाळाची पट्टी. इथे गुडघ्याएवढ्या उभ्या दांड्यावर पिवळी फुलं दिसली की जवळ जा. पाकळ्या पाच, पुंकेसर चार, आणि केसरांच्या दांड्यांवर लोकरीसारखी लव. हे व्हर्बॅस्कम. फुलं खालून वर उमलत जातात, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली बोंडं, मध्ये फुलं आणि टोकाला कळ्या सापडतात.

मग कोरडी वाळू आणि गोटे : पिवळा धोत्रा, भुईरिंगणी, रुई, उटकटारा, सराटा. उटकटाऱ्याचे निळसर-पांढरे काटेरी गोळे फेब्रुवारीत चांगले असतात, मार्चअखेर वाळून जातात.

काळ्या खडकांच्या फटींत शेरणी आणि काठच्या खडकाळ उतारावर धायटी. दरडीवर निर्गुडी, करंज, वायवर्ण. त्याच्या वर पळस, काटेसावर, गणेरी, मोह.

शेरणीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण हे झुडूप खरं नदीचं. पावसाळ्यात ते अख्खं पाण्याखाली जातं. फांद्या वेतासारख्या लवतात आणि मुळं खडकाची फट सोडत नाहीत, म्हणून पूर ओसरला की पुन्हा उभं राहतं. फांद्यांत अडकलेला पाचोळा आणि चिंध्या बघून पाणी किती चढलं होतं ते कळतं. नर झुडूप वेगळं, मादी झुडूप वेगळं. नराच्या लालसर तुऱ्यांना टिचकी मारली की पराग धुरासारखा उडतो. लांबून ही कण्हेर वाटते. कण्हेरीची पानं एका जागी तीन-तीन येतात, शेरणीची एकाआड एक, आणि शेरणीच्या पानाची खालची बाजू रुपेरी. हा फरक पाठ करा, कारण कण्हेर पूर्ण विषारी आहे. मुलांना काडी तोडून तोंडात घालायची सवय असते.

वेळ : माळव्याच्या पठारावर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चअखेर. सूर्योदय मार्चच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास होतो, सातला पात्रात असायला हवं. पोहे डब्यात घेऊन निघा, दुकान उघडायची वाट बघाल तर पहिला दीड तास जातो आणि तोच सगळ्यात चांगला असतो. साडेदहाला परत फिरायचं.

---

निमाडकर

छान सुरुवात. पट्ट्यांचं अगदी बरोबर आहे.

वेळेबद्दल एक भर. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वरचा घाट दीडशेच्या आसपास. घाट उतरून निमाडात आलं की ऊन आधी तापतं, फुलंही आठवडाभर तरी आधी येतात आणि आधी जातात. म्हणून नर्मदाकाठ आधी करा, फेब्रुवारीच्या मध्यापासून. चोरल नदीची दरी त्यानंतर. यशवंतसागर तलावाचा काठ सगळ्यात शेवटी, तिथे गाळ उशिरा उघडा पडतो. क्रम उलटा केलात तर निमाडात फक्त पिवळा धोत्रा आणि वाळलेली बोंडं मिळतील.

नर्मदाकाठी मंडलेश्वर ते महेश्वर हा उत्तर काठचा टप्पा घ्या. चालायचं मंडलेश्वरहून महेश्वरकडे, म्हणजे पश्चिमेकडे. सकाळी सूर्य पाठीशी राहतो, फुलांवर समोरून उजेड पडतो, डोळे दिपत नाहीत. परिक्रमावासी रेवामाईला उजव्या हाताला ठेवून चालतात, त्यामुळे या काठावर ते तुमच्या समोरून येतील. वाट अरुंद असली की बाजूला व्हा आणि त्यांना वाट द्या. मंडलेश्वरजवळच्या जलूदहूनच १९७८ पासून नर्मदेचं पाणी इंदूरला जातं, तेव्हा हा काठ आपल्या नळाचा काठ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर ओंकारेश्वरला धरण आणि वीजघर आहे. वीज लागेल तसं पाणी सुटतं, आणि आकाश निरभ्र असताना, पावसाचा थेंब नसताना नदी चढते. ७ एप्रिल २००५ ला भूतडी अमावास्येच्या मेळ्यात देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच झालं. इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री चढलं आणि पात्रात थांबलेले कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. दिवस वसंताचेच होते. त्यामुळे :

पात्रात उतरल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा किंवा ठळक गोटा ठेवा. दर पंधरा मिनिटांनी तिकडे बघा. कोरडी रेघ भिजली म्हणजे पाणी चढतंय. "थोडंच आहे" म्हणायचं नाही, सामान उचलून दरडीकडे निघायचं. नदीच्या मधल्या खडकांवर, बेटांवर फुलासाठी जाऊ नका. तिथे जाताना पाणी घोट्याएवढं असतं आणि येताना कमरेएवढं होतं. महेश्वरखालच्या सहस्रधारेला हे सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण तिथे नदी खडकांतून फुटून अनेक धारांनी वाहते आणि मागची धार कधी भरली ते पुढे बघणाऱ्याला कळत नाही. सहस्रधारेची शेरणी काठावरूनच बघा, दुर्बिणीतून छान दिसते.

---

पानोपानी

रेवातीर, नीरब्राह्मीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. एक गोंधळ मात्र दर वर्षी होतो, तो इथेच मिटवूया. "ब्राह्मी" नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. नीरब्राह्मीची पानं लहान, मांसल, देठ जवळजवळ नाहीच, टोकाकडे रुंद. फूल पांढरं ते फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं, पानाच्या बगलेत एकेक. दुसरी मंडूकपर्णी, तिचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, लांब देठावर. तिची फुलं इतकी बारीक आणि पानाखाली दडलेली की कोणी बघतच नाही. चिखलात पांढरं फूल डोळ्यांत भरलं तर ती नीरब्राह्मी. आणि कृपा करून उपटून घरी नेऊ नका. नदीचा गाळ शहराचं आणि शेताचं सगळं पाणी पितो, तिथली पालेभाजी किंवा औषधी पोटात घेण्यासारखी नसते.

जलपिंपळीवर कोणी थांबत नाही, म्हणून सांगते. १० पट भिंग घ्या (सोनाराकडे असतं तसं घडीचं). दोन बोटं लांब दांडीवर पिंपळीसारखं छोटं बोंड असतं. त्याच्याभोवती फुलांचं एकच कडं असतं, दहा-बारा फुलांचं, जणू बोंडाने बांगडी घातलीय. वरचा भाग अजून मिटलेला, गर्द जांभळा. खालचा भाग फुलून संपलेला. कडं दिवसागणिक वर सरकत जातं आणि बोंड लांब होत जातं. प्रत्येक फुलाचा गळा आधी पिवळा असतो, जुना झाला की जांभळट होतो. एका बोंडावर दोन्ही रंग मिळतात. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं, म्हणजे आपणच वाकायचं. भिंग फुलाजवळ आणि डोळा लांब ठेवला की काही दिसत नाही. नव्या माणसाचं नेहमी इथेच चुकतं.

धायटीबद्दल : जो लाल रंग दिसतो तो पाकळ्यांचा नव्हे, निदलपुंजाच्या (पाकळ्यांबाहेरच्या आवरणाच्या) नळीचा. पाकळ्या आत अगदी चिमुकल्या. फूल संपलं तरी नळी लाल राहते, म्हणून झुडूप दोन-अडीच महिने बहरलेलं वाटतं. खरं ताजं फूल ओळखायचं तर नळीबाहेर केसर लांब आलेले आहेत का बघा. पानाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके. वैद्य आसव-अरिष्टात घालतात ती धायटीची फुलं हीच.

---

सिमरोलघाट

दोन प्रश्न. पळस आणि पांगारा लांबून कसे ओळखायचे? आणि चोरलच्या उतारावर मार्चमध्ये काही झाडं पूर्ण लालभडक दिसतात, पण जवळ गेलं की फूल एकही नाही. ती कोणती?

---

रेवातीर

लाल झाड म्हणजे कुसुंब. ती कोवळी पालवी आहे. आठ-दहा दिवसांत लालाची तांबूस आणि मग हिरवी होते.

पळसाला पानं तीनच, हे आपण म्हणतो, पण पांगाऱ्यालाही तीनच पानं असतात, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. फुलोऱ्यात दोघांनाही पानं नसतात किंवा विरळ असतात. खोड बघा. पांगाऱ्याला फांद्यांवर छोटे काटे, पळसाचं खोड वाकडंतिकडं, खडबडीत, बिनकाट्याचं. फूल बघा. पळसाच्या कळीचं बूड काळपट मखमली, हाताला लव लागते. पांगाऱ्याची सगळी फुलं फांदीच्या टोकाला एका झुबक्यात, लाल. पळसाची फांदीभर, केशरी.

एक फूल जमिनीवरून उचलून उलगडून बघा. एक पाकळी मागे वळलेली, दोन बाजूला, आणि दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी नाव. "किंशुक", म्हणजे "हा पोपट तर नव्हे?", हे संस्कृत नाव यावरूनच. केसर आणि परागकोश या चोचीत झाकलेले असतात. पक्ष्याने मधासाठी चोच घातली की नाव खाली दबते आणि पराग त्याच्या छातीला लागतो. बोटाने हलकेच दाबलं तरी हेच होतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

काटेसावर आणि गणेरी यांचाही घोळ होतो. दोघांनाही त्या वेळी पानं नसतात. सावरीचं फूल लाल, जाड, मांसल, खाली पडताना थाड आवाज येतो. गणेरीचं पिवळंधमक, पातळ पाकळ्यांचं, तळहाताएवढं. गणेरी खडकाळ, कोरड्या उतारावरच मिळते, तिला नदीच्या गाळात शोधू नका.

---

भोरडी

पळसाजवळ अर्धा तास शांत बसण्यासारखं दुसरं सुख नाही. त्या मोसमात भोरड्यांचे थवे येतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. पळसाशी इतकं नातं की तिला पळसमैना असंही नाव आहे. एप्रिलमध्ये त्या परत उत्तरेकडे निघतात. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कोतवाल आणि खारीही असतात. झाडाखाली नको, वीस पावलं लांब बसा आणि सूर्य पाठीशी ठेवा.

पण मी लिहायला आले ते वाळूसाठी. मार्च ते मे हा नदी टिटवी, छोटी आर्ली, सुरय यांचा अंडी घालायचा काळ. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी गोट्यांच्या रंगाची. फुलांच्या नादात खाली बघत चालतो तरी ती दिसत नाहीत. खुणा दोन. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, किंवा जमिनीवर पंख पाडून जखमी असल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे जाऊ लागला, तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. त्याच्या मागे जाऊ नका, जागच्या जागी फिरून ज्या पावलांवर आलात त्याच पावलांवर परत जा. पक्षी दहा-पंधरा मिनिटं उठून राहिला तरी एप्रिलच्या उन्हात उघड्या वाळूवर अंडं खराब होतं. कुत्रा सोबत असेल तर वाळूत आणूच नका.

---

गेरवाला

रंगपंचमीसाठी पळसाचा रंग करतात त्याचं प्रमाण लिहितो, कारण दर वर्षी विचारणा होते.

फुलं झाडावरून तोडायची नाहीत. सकाळी पडलेली, त्याच दिवसाची वेचा. कापडी पिशवीत न्या, प्लॅस्टिकमध्ये दोन तासांत घाम फुटतो आणि फुलं काळी पडतात. काळं मखमली बूड काढून टाका, ते राहिलं तर रंग मळकट येतो. नुसत्या पाकळ्या सावलीत सुती कापडावर तीन-चार दिवस वाळवा. उन्हात वाळवल्या तर रंग फिका येतो.

वाळलेल्या १०० ग्रॅम पाकळ्यांना दोन लिटर पाणी. रात्रभर भिजत ठेवा, सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गाळून घ्या. रंग पिवळा-केशरी येतो. गर्द केशरी हवा असेल तर चण्याएवढा खायचा चुना वाटीभर पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचं पाणी चमचा-चमचा घाला. रंग डोळ्यांसमोर बदलतो, हवा तसा झाला की थांबा. चुना जास्त झाला तर तपकिरी होतो आणि कातडीला चरचरतो, म्हणून अंगावर खेळायच्या रंगात चुना न घातलेलाच बरा. लोखंडी कढई वापरू नका, रंग काळवंडतो. स्टील चालतं.

ताजी फुलंही चालतात, लिटरला दोन भरगच्च मुठी, पण ताज्याचं पाणी दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं. त्याच दिवशी संपवा.

---

सिमरोलघाट

रंगाची रीत जपून ठेवली. खाजकुहिलीबद्दल कोणी सांगेल का? चोरलच्या झाडीत फार आहे असं ऐकलंय.

---

काळीमाती

आहे, आणि नेमकी याच दिवसांत शेंगा वाळलेल्या असतात. वेल झुडपांवर चढलेला असतो, शेंगा इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या, सोनेरी-तपकिरी लवेच्या. हात लावायचीही गरज नसते, वाऱ्यावर लव उडते आणि खाली उभ्या माणसाच्या मानेवर पडते. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याभोवती पंचा, आणि वेल दिसला की वाऱ्याच्या वरच्या अंगाने जायचं.

लव लागलीच तर चोळू नका, खाजवू नका आणि लगेच पाणीही ओतू नका. चोळलं की लव मोडून आत रुतते. चिकटपट्टी त्या जागेवर हलकी चिकटवून ओढायची, दर वेळी नवा तुकडा, आठ-दहा वेळा. मग साबणाने धुवायचं. पट्टी नसेल तर कोरडी मऊ माती किंवा राख टाकून झटकायची. कपडे वेगळे धुवा, घरच्या कपड्यांत टाकू नका. डोळ्यांत गेली तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा.

रुईच्या चिकाचंही तेच. फूल देखणं म्हणून मुलं तोडतात, चीक बोटाला लागतो आणि तेच बोट डोळ्याला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फार दुखत नाही, पण दृष्टी धुरकट होते. घरी थांबायचं नाही, धुवायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आग्या मोहोळं. उंच अर्जुनावर, कड्यांवर लटकलेली असतात. खाली अत्तर लावून जाऊ नका, विडी-काडी, शेकोटी नको, दगड तर नकोच. मोहोळ उठलंच तर हात न हलवता तोंड झाकून पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही.

आणि मोहाखाली पाला साफ केलेला दिसला तर ती जागा कोणाची तरी आहे. मोहाची फुलं पहाटे पडतात, बायका-पोरं वेचतात, तेच त्यांचं वर्षाचं मीठ-मिरची. त्या जागेवरून चालत जाऊ नका. नदीतल्या टरबूज-काकडीच्या वाड्यांचंही तसंच, वेल तुडवला की शेतकऱ्याचं पीक गेलं.

---

टिपणवही

फोटोबद्दल थोडं.

पळसाचा फोटो फोनवर नेहमी केशरी डागासारखा येतो, पाकळीवरच्या शिरा दिसत नाहीत. कारण लाल रंग फोनच्या कॅमेऱ्यात आधी भरून जातो. फुलावर बोट दाबून धरा, फोकस अडकेल, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, फोटो डोळ्यांना जरा काळपट वाटेपर्यंत. घरी उजळता येतो, पण जळलेला लाल परत मिळत नाही.

नीरब्राह्मीसारखं बारीक फूल असेल तर फोन टेकवू नका. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा आठ-दहा सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. वीतभर लांब धरा, दुप्पट झूम घ्या, नंतर कातरा. पांढऱ्या फुलावर ऊन असेल तर छत्रीची किंवा पाठीची सावली पाडा. दोन्ही कोपरं जमिनीला टेकवा, श्वास सोडून मग बटण दाबा.

ओळख पटवायची असेल तर एका फुलाचे पाच फोटो : समोरून, बाजूने, पानाची वरची आणि खालची बाजू, आणि अख्खं रोप. शेजारी एक रुपयाचं नाणं (२०११ नंतरचं, व्यास सुमारे २२ मिलिमीटर). आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून वनस्पती-प्राणी ओळखायला मदत करणारं ॲप) टाका. फक्त समोरचा फोटो दिला की ॲप आणि माणसं दोन्ही चुकतात, पिवळ्या फुलांत तर हमखास. ठिकाण मात्र नोंदवताना दुर्मीळ काही असेल तर नेमकी जागा झाकून ठेवा.

---

निमाडकर

बेशरम आणि जलकुंभीला या धाग्यात जागा द्यावी का? फुलं दोन्हींची सुंदर आहेत, पण मला ती "वसंताची रानफुलं" म्हणवत नाहीत.

---

पानोपानी

जागा द्यावी, पण काय आहे ते सांगून. दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या. बेशरमचं गुलाबी कर्ण्यासारखं फूल वर्षभर असतं, त्याचा वसंताशी संबंध नाही. शेळ्यांनी खाल्लं तर विषबाधा होते. कांडी पडली तिथे रुजते, म्हणून तोडून पाण्यात फेकू नका, त्याने ती खाली पसरते. जलकुंभीच्या वरच्या पाकळीवरचा पिवळा डोळा भिंगातून खरोखर मोहक दिसतो. पण जिथे ती दाट, तिथे पाण्यात सांडपाण्याचं खत भरपूर आहे, असं समजावं. इंदुरातल्या कान्ह नदीकाठी फुलं बघायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, तिथल्या चिखलात गुडघे टेकू नयेत.

पिवळा धोत्राही परदेशीच, मेक्सिकोचा. पान मोडलं की पिवळा चीक येतो. त्याचं बी मोहरीत मिसळलं गेलं की तेलातून सूज येते, दिल्लीत १९९८ ला मोठी साथ आली होती. मोहरीच्या शेताच्या बांधावर दिसला तर शेतकऱ्याला सांगण्यासारखं आहे. गाजरगवत तर हाताळूच नका, कातडीला पुरळ येतं.

आपलं, नदीचं आणि आत्ताचं म्हणून मी वायवर्णाचं नाव वर घेईन. मार्चअखेर ते एप्रिल. उमलताना हिरवट, मग पांढरं, मग लोण्यासारखं पिवळट. तिन्ही रंग एकाच झुबक्यात, आणि लांब जांभळट केसर बाहेर. पानं तीन-तीन. नदीकाठीच असतं, देवळाजवळ लावलेलंही असतं. त्याच सुमारास करंजाखाली पहाटे फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा लाह्यांसारखा सडा पडतो. ऊन चढलं की तो मलूल होतो, सातच्या आत बघावा.

---

आजीची_छत्री

गुडघे दुखणाऱ्यांनी, दरड न उतरता काय बघावं?

---

रेवातीर

ताई, दोन जागा. महेश्वरच्या घाटावर पायऱ्या रुंद आहेत, पण तुम्ही पाण्याकडे न उतरता किल्ल्याच्या आणि घाटाच्या जुन्या भिंती बघा. दगडांच्या सांध्यात लिंडेनबर्गिया उगवते, छोटी पिवळी फुलं, डोळ्यांच्या पातळीवर, वाकावं लागत नाही. भिंत साफ करायला आलेली मंडळी ती खरवडून टाकतात, तेव्हा सावलीकडच्या, ओल धरणाऱ्या भिंती शोधा. घाट सकाळी धुतलेला असला तर पायऱ्या निसरड्या असतात, रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवी.

दुसरी यशवंतसागर. गंभीर नदीवरचा हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) आहे, इंदुरातला सिरपूर तलावही त्याच वर्षीचा. मार्चमध्ये पाणी मागे सरकलं की सपाट काठावर माशीपत्रीचा पिवळा गालिचा पसरतो, उतार जवळजवळ नाही. घडीची खुर्ची घेऊन बसलं तरी हातभर अंतरावर पाच-सहा जाती मिळतात. भेगाळलेला गाळ वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा असतो, म्हणून काठी आधी टेकवून बघा, मग पाय.

---

सिमरोलघाट

काल चोरलला दुपारी चारच्या सुमारास ओलसर वाळूत निळं, अगदी टिकलीएवढं फूल दिसलं, पण सगळी मिटलेली. खोड चौकोनी, पानं समोरासमोर. वाळली असतील का?

---

पानोपानी

वाळली नाहीत. ही नीळ, ॲनागॅलिस. पानाच्या खाली बारीक काळे ठिपके असतील, बघा. सकाळी ऊन चढलं की आठ-नऊला उमलते, दुपारनंतर मिटते आणि ढग आले तर सकाळीही मिटून बसते. उद्या निरभ्र असेल तर दहा वाजता त्याच जागी जा. पाकळ्यांचा निळा भिंगाखाली बघा, मध्यभागी लालसर-जांभळं वर्तुळ आणि त्यात लव असलेले पाच केसर. ज्या देठावर फूल संपलंय तिथे मोहरीएवढं गोल बोंड खाली वाकलेलं असेल. ते तपकिरी झालं असेल तर नखाने हलकं दाबा, वरचं अर्धं टोपण डबीच्या झाकणासारखं सुटून येतं आणि आत बी दिसतं. जनावरांना ही वनस्पती बाधते, म्हणून बोंडं फोडून झाल्यावर हात धुवा. आणि लवकर जा. मार्चचा तिसरा आठवडा लागला की ती पट्टी वाळते, नीळ संपते आणि तिथे भुईरिंगणी पसरते.